कोपरे गोल करायचे नाहीत

मागच्या वर्षी माझी पहिली गोधडी झाली, म्हणजे जवळजवळ झाली. चौकोन जोडून झाले, थर एकमेकांवर घालून शिवून झाले, फक्त कडेची पट्टी तेवढी राहिली आणि नेमका तिथे माझा पेशन्स संपला. सहा महिने तेच कापड मांडीवर घेऊन बसल्यावर शेवटी शेवटी त्याचं तोंड बघवत नाही हो. पिशवीत कोंबली आणि एका टेलरकडे देऊन आले, म्हटलं भैया, चारो तरफ से पट्टी लगा दो, मरून वाली. चार दिवसांनी आणायला गेले तर गोधडीला कोपरेच नाहीत! बशी ठेवून कापावेत तसे चारही कोपरे कात्रीने गोल केलेले आणि त्यावरून गोल गोल पट्टी फिरवलेली. वर चेहऱ्यावर कौतुक, "मॅडम, कोने गोल कर दिए, लुक अच्छा आता है." त्या कोपऱ्यांमध्ये मी मुद्दाम माझ्या लग्नातल्या बांधणीचे तुकडे लावले होते, ते अर्धे त्याच्या दुकानातल्या चिंध्यांच्या पोत्यात गेले. काय बोलणार, पैसे दिले आणि आले घरी. पण स्कूटीवर येताना सगळा रस्ताभर डोक्यात तेच, की पुढची गोधडी आपली आपण संपवायची, कोपऱ्यांसकट.

त्याची बाजूही आता मला कळते म्हणा. पट्टी गोल वळणावरून न थांबता मारता येते, काटकोन आला की मात्र थांबावं लागतं, गोधडी फिरवावी लागते, घडी घालावी लागते, आणि असं चार वेळा. चाळीस ब्लाउज रांगेत असलेला माणूस कशाला थांबेल.

तर ही पोस्ट त्या चार कोपऱ्यांबद्दल आहे. यूट्यूबवाले ज्याला माइटर्ड कॉर्नर म्हणतात ते. फोटोफ्रेमच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या कशा तिरक्या येऊन भेटतात, बरोबर अर्ध्या काटकोनात, तसं कापडात करायचं. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, कडेच्या पट्टीला मगजी म्हणतात, माहेरी आम्ही गोट म्हणायचो, टेलर पाइपिंग म्हणतो (पाइपिंग खरं तर वेगळं, त्यात आत दोरी असते, पण इंदुरात कोणाला सांगणार).

आईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, हे कडेचं प्रकरण तुम्ही लोकांनी उगाच वाढवून ठेवलंय. त्यांच्या वेळी गोधडी कडेपासून सुरू व्हायची. जुन्या सुती साड्या एकावर एक पसरायच्या, कडा आत दुमडून घ्यायच्या आणि बाहेरून आत चौकोनात धावदोरा घालत घालत मध्यावर येऊन संपवायचं. म्हणजे कड सगळ्यात आधी होऊन जाते, शेवटी काही उरतच नाही. त्यांच्या लहानपणी घरात मिलच्या कापडाचे तुकडे यायचे, त्यांचे वडील इथल्या, इंदूरच्या, हुकुमचंद मिलमध्ये होते, ती मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, पण आईंच्या माळ्यावरच्या वाकळीत अजून ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड आहे. कर्नाटकातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकेतल्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, पण अशीच कडेकडून आत शिवत जातात आणि कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय गोधडी उघडीबोडकी दिसते असं त्या म्हणतात, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कोपऱ्यांचं वेड असलेली मी एकटी नाही.

पण माझी गोधडी पडली चौकोनांची. सहा इंची तयार चौकोन, आडवे दहा, उभे पंधरा, एकूण दीडशे, नवऱ्याचे जुने शर्ट, माझ्या दोन कोटा साड्या आणि एक पूर्ण विरलेला कुर्ता. मध्ये एक जुनी सुती साडी दुहेरी करून, खाली जुनी डबलबेडची चादर. साठ बाय नव्वद इंच. मुलगी पुण्याला हॉस्टेलला आहे, तिच्यासाठी. अशा गोधडीत सगळं शिवून झालं की चारही बाजूंनी उघडे थर दिसत राहतात, कड शेवटीच करावी लागते, त्याला इलाज नाही. आणि पांघरूण विरतं ते पण कडेलाच, रोज रात्री हनुवटीपाशी ओढून ओढून. म्हणून पट्टी दुहेरी घ्यायची, अडीच इंच रुंद कापायची आणि उभी दुमडून सव्वा इंच करायची, कडेवर कापडाचे दोन थर येतात.

कापड आणायला सीतलामाता बाजारात, आमच्या इंदूरच्या कापडबाजारात, गेले. खरं तर मनात महेश्वरीचा काठ होता, एक साडी पार गेलेली पण काठ धडधाकट, वाटलं तोच लावू, किती सुंदर दिसेल. दोन इंच लावून बघितला आणि उसवला. जरीचा काठ ताठ असतो, घडी बसत नाही, आणि काठाच्या बाजूची साडीची वीण इतकी पातळ की सुईने जाळी झाली. नाद सोडला. साधं सुती कॅम्ब्रिक, ४४ इंच पन्ह्याचं, मरून. दुकानदाराला म्हटलं गोधडीच्या कडेला लावायचंय, किती लागेल, तर तो म्हणे, "आधा मीटर में आराम से हो जाएगा." आणि मी बाईने मान डोलावली, घरी हिशोब केलेला असताना!

हिशोब असा होता: घेर तीनशे इंच, वर बारा इंच जास्तीचे कोपऱ्यांना आणि शेवटच्या जोडाला, म्हणजे ३१२. एका पट्टीची काठ काढून लांबी ४२ इंच. जोड तिरके द्यायचे असतात म्हणून प्रत्येक जोडाला अडीच इंच जातात. म्हणजे आठ पट्ट्या हव्यातच, आणि आठ गुणिले अडीच वीस इंच. आता अर्धा मीटर म्हणजे किती? एकोणीस इंच आणि वर पाच-सहा सूत (आठ सुतांचा एक इंच). वीस नाही! सात पट्ट्या कापल्या आणि आठवी आली सव्वादोन इंचाला पण कमी. तिसऱ्या दिवशी परत सीतलामाता, आणि रंग तोच मिळेल का ही धडधड वेगळी. मिळाला. या वेळी एक मीटर घेतलं, नको तेवढं.

एक सांगायचं राहिलं, मरून आणि लाल कापड आधी धुवून घ्या. ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून गरम इस्त्री फिरवली तर लगेच कळतं रंग जातो का. माझा रुमाल गुलाबी झाला, म्हणून तीनदा धुतलं, चौथ्या वेळी रुमाल पांढरा राहिला.

पट्टी उरेब कापायची का सरळ, यावर आमच्याकडे चांगली दोन दिवस चर्चा झाली. उरेब पट्टीत धागे तिरके येतात, म्हणून घडीवर एकाच धाग्यावर सगळी घासण येत नाही, जास्त टिकते, आणि वळणावर छान वळते. पण कापड जास्त लागतं आणि शिवताना ती रबरासारखी ताणली जाते, नीट नाही धरली तर कडेला लाटा येतात. चारही बाजू सरळ असतील तर उरेबची गरज नाही. मी पन्ह्यातून आडव्या पट्ट्या कापल्या, आडव्या धाग्यात किंचित लवचिकपणा असतो, तेवढा पुरतो.

पट्ट्यांचे जोड मात्र तिरकेच. दोन टोकं एकमेकांवर काटकोनात ठेवायची, तिरकी टीप मारायची, पाव इंच सोडून जास्तीचं कापून टाकायचं, दोन्ही बाजूंना इस्त्रीने फाकवायचं. सरळ जोड दिला तर दुमडल्यावर सगळी जाडी एकाच ठिकाणी गोळा होते, गाठ आल्यासारखी, आणि मशीन तिथे येऊन अडते. इस्त्री केलेली पट्टी मी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवली, नाहीतर तीनशे इंच पट्टी आणि घरात मांजर, विचारच करू नका.

मग कापायचं काम. पट्टी लावायच्या आधी गोधडी काटकोनात आहे का ते बघायचं. टेलरची टेप साठ इंचाचीच, म्हणून नवऱ्याच्या हत्यारांच्या डब्यातली स्टीलची टेप काढली आणि दोन्ही कर्ण मोजले. एक १०७, दुसरा १०९ च्या वर. म्हणजे गोधडी चक्क पतंगासारखी तिरकी झालेली. आमच्या हॉलमध्ये दोन बाय दोनच्या टाइल्स आहेत, गोधडी जमिनीवर पसरली आणि टाइलच्या रेघा धरून कडा सारख्या केल्या, गवंड्याचा गुण्या असतो ना, तसा फरशीचा गुण्या. तीन कोपरे बसले. चौथा बसवायचा तर एक अख्खी चौकोनांची रांग बारीक होत होती, मग मी तिथली कड जरा वाकडीच राहू दिली आणि डोळेझाक केली. हे लक्षात ठेवा, याच्यावर परत येते.

मशीन माझी काळी, पायाची, नंतर मोटर लावलेली. सोळा नंबरची सुई घातली, एवढ्या थरांना चौदा नंबर तुटते. टाका थोडा मोठा. मशीनच्या पायाची कड सुईपासून नेमकी दोन सूत असेलच असं नाही (सुतार आणि टेलर अजून सुतातच बोलतात, दोन सूत म्हणजे पाव इंच), म्हणून सुईपासून दोन सूत मोजून मशीनवर मेडिकलची चिकटपट्टी लावली, कड त्या चिकटपट्टीला धरून चालवायची. टाचण्यांनी बोटं रक्तबंबाळ झाली म्हणून लेकीच्या शाळेतल्या टिकटॅक क्लिपा शोधून काढल्या, त्या जाड थरांवर फार मस्त बसतात.

आता कोपरा. पट्टी गोधडीच्या वरच्या बाजूला ठेवायची, पट्टीच्या दोन्ही उघड्या कडा गोधडीच्या कडेशी, घडी आतल्या बाजूला. सुरुवात कोपऱ्यापासून कधीच करायची नाही, कुठल्याही बाजूच्या मधूनच, आणि आठ-दहा इंच शेपूट मोकळं सोडून. शिवत कोपऱ्याकडे यायचं आणि कड संपायच्या दोन सूत आधी थांबायचं. पेन्सिलीने आधीच टिंब काढून ठेवा, अंदाजाने नाही जमत. सगळा कोपरा त्या टिंबावर आहे. शेवटपर्यंत शिवत गेलं तर पट्टी वळायला जागाच राहत नाही, कोपरा दाबला जातो आणि पुढून बघितलं तर बोथट. जास्त आधी थांबलं तर कोपऱ्यात भोक राहतं, करंगळी जाते आत. बरोबर टिंबावर सुई खाली ठेवायची, पाय उचलायचा, गोधडी जरा फिरवायची आणि तिथून तिरकी टीप मारत कोपऱ्याच्या टोकातून बाहेर पडायचं.

गोधडी मशीनवरून काढायची. पट्टी वर उचलायची, आपल्यापासून लांब, ती त्या तिरक्या टीपेवर आपोआप दुमडते आणि पुढच्या कडेच्या सरळ रेषेत उभी राहते. मग तीच पट्टी खाली आणायची, पुढच्या कडेवर. ही दुसरी घडी आत्ताच शिवून झालेल्या कडेशी बरोबर यायला हवी, सूतभरही आत नाही की बाहेर नाही. आणि पुढची टीप अगदी वरच्या कडेपासून सुरू. कोपऱ्यावर सशाच्या कानासारखा एक त्रिकोण उभा राहतो, त्याला हात लावायचा नाही, त्याच्यावरून टीप जाऊ द्यायची नाही. पट्टी मागे वळवली की तोच कान पसरून कोपरा होतो. पहिल्यांदा झाला तेव्हा मी तो चार वेळा मागे-पुढे वळवून बघितला, पोळ्या राहिल्या होत्या तरी.

हे सगळं मी आधी सात-आठ इंचाच्या चिंधीवर करून बघितलं होतं, दोन थर जुन्या टॉवेलचे आणि वरून शर्टाचं कापड, चारही कोपरे त्याच्यावर. पहिले दोन वाईट, तिसरा बरा, चौथा दाखवण्यासारखा. ती चिंधी आता कुकर ठेवायला वापरतो. तुम्ही पण करा, खऱ्या गोधडीवर शिकत बसू नका.

शेवटचा जोड मात्र मला तीनदा उसवावा लागला. दोन्ही शेपटं एकमेकांवर येतात, ती पट्टीच्या रुंदीएवढी म्हणजे अडीच इंच एकमेकांवर ठेवून बाकी कापायची, मग उघडून काटकोनात धरून तिरका जोड. कागदावर सोपं आहे. पण गोधडीचं सगळं वजन एका बाजूला ओढत असतं आणि हातात दोन टोकं, मी एकदा पट्टीला पीळ घालून जोडली, जिलबीसारखी. दुसऱ्यांदा उलटी बाजू वर. नवरा टीव्ही बघता बघता म्हणे, "कशाला एवढं झंझट करून राहिली आहेस, दे ना टेलरला." मी नुसतं दिवाणावरच्या गोल गोधडीकडे बघितलं. तो उठला आणि गोधडी धरून उभा राहिला, जोड बसेपर्यंत.

मग हातशिलाई. पट्टी मागच्या बाजूला वळवून टीप झाकली जाईल एवढी ओढायची आणि आंधळे टाके घालायचे, सुई पट्टीच्या घडीतून आणि खालच्या चादरीतून जाते पण पुढे दिसत नाही. मशीनने पण होतं, पण पुढच्या बाजूला टीप कुठे पडेल याचा भरवसा नाही. तीनशे इंच, इंचाला पाच टाके धरले तरी दीड हजार. मी जानेवारीत गच्चीवर उन्हात बसून केलं, दहा-बारा दुपारी. मांडीवर गोधडी असल्यामुळे गरम पण राहतं. फक्त कोणी सराफ्यातून गराडू (तळलेला कंद) आणले तर आधी खाऊन घ्या, हात साबणाने धुवा, मग सुई धरा. तेलाचं एक बोट शर्टाच्या फिक्या निळ्या चौकोनावर आहे, कोणाचं आहे ते आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

मागच्या बाजूचा कोपरा हातानेच घडी घालून होतो. आधी एक बाजू दुमडायची, मग दुसरी, तिरकी रेघ आपोआप येते. पुढची घडी ज्या बाजूला पडलीये त्याच्या उलट बाजूला मागची पाडायची, म्हणजे जाडी वाटली जाते, कोपरा सपाट बसतो. आणि त्या तिरक्या फटीत पुढून आणि मागून तीन-चार टाके घालून फट बंद करायची, नाहीतर धुतल्यावर कोपरा तोंड उघडतो.

तीन कोपरे झाले आणि ते इतके चांगले झाले की मला स्वतःलाच खोटं वाटलं. चौथा तो, टाइलवर डोळेझाक केलेला. कोपरा काटकोनच नाही म्हटल्यावर घडी तिरकी तरी बरोबर कशी पडणार, एका बाजूला चुणी आणि टोक गोधडीच्या बाहेर सूतभर नाक काढून बसलेलं. उसवलं, परत केलं, परत तेच. आईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, तीन कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, काही बोलल्या नाहीत, चौथ्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे कापड नाही चुकलं, इथे तू चुकलीस, मोजताना." बरोबरच आहे. रांग बारीक झाली असती तर झाली असती. आता गोधडी पुण्याला गेली, लेकीला सांगितलंय तो कोपरा पायाकडे घे, भिंतीच्या बाजूला.

मीटरमधलं बरंचसं मरून कापड उरलंय. वाटलं त्याच्या पट्ट्या कापून दिवाणावरच्या गोल गोधडीची पट्टी बदलावी, तिची दोन ठिकाणी आत्ताच सुटलीये. पण गोल कोपऱ्यांना सरळ पट्टी चुण्या पाडते, तिथे उरेबच लागते, आणि ती शिवताना रबरासारखी ताणली जाते. दुसरा उपाय म्हणजे चारही बाजूंनी तीन-तीन इंच कापून कोपरे परत चौकोनी करायचे, मग बांधणीचे उरलेसुरले तुकडे पण गेले. आई म्हणतात राहू दे. मी अजून ठरवलं नाहीये, पण या शनिवारी सीतलामाताला जाणार आहे, आणि या वेळी वीस इंच म्हणजे वीस इंच मागणार आहे, मीटर नाही.